केस गळतात? दोष पाण्याचाच नसतो

नोकरीनिमित्त पुण्या-नागपूरहून बंगळुरूच्या व्हाइटफील्डला गेलेल्या मैत्रिणींची एक तक्रार ठरलेली असते, ‘इथल्या पाण्याने केस गळतात हो!’ तिथल्या अनेक इमारतींत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते व ते बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही, चिकट थर बसतो आणि केस राठ होतात. मात्र मुळापासून केस गळण्याचे कारण सहसा डोक्याच्या त्वचेत किंवा प्रकृतीत असते.

रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळत असतील, तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचे आठवून पाहा. मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक उपासाचे परिणाम असे उशिरा दिसतात. हे केस बहुधा पुन्हा येतात. रक्तक्षय व थायरॉइडची तपासणीही करून घ्या.

कोंडा झाला की आपण भरपूर तेल चोपडतो. इथेच चुकते. कोंड्याला हातभार लावणारी मॅलासेझिया ही सूक्ष्म बुरशी तेलकटपणावरच पोसते. त्यामुळे तेल थांबवा. कीटोकोनॅझोलयुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा, केसांना नव्हे तर मुळांशी लावा, तीन ते पाच मिनिटे ठेवून धुवा.

जड पाण्यात साबणाऐवजी सौम्य शाम्पू बरा. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घ्या. टक्कल पडल्यासारख्या चकत्या, जखमा किंवा सतत खाज असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.