शब्द बदलला, वसाहत तीच

डिसेंबर आला की एखादा विद्वान हमखास विचारतो, 'गोव्यासाठी भारताने आणखी थोडी बोलणी केली असती तर?' लष्कर धाडून आपण अहिंसेला काळिमा फासला, असा त्यामागचा सूर. तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या मला या प्रश्नाची चीड येते. बोलणी करायची कोणाशी?

२७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालकडे वाटाघाटींची रीतसर मागणी केली. उत्तर आले, हा चर्चेचा विषयच नव्हे! पुढच्याच वर्षी सालाझारने राज्यघटनेतून 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरापारचा प्रांत' हा शब्द घातला. झाले! वसाहतच उरली नाही, तर तिच्या भवितव्याची चर्चा कसली? एका शब्दाने राजकारणाचे दार बंद करण्याची ही हातोटी मात्र दाद देण्याजोगी. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली, ती काही हौसेने नव्हे. १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघात शिरल्यावरही पोर्तुगालचे पालुपद तेच: आमच्याकडे परतंत्र प्रदेश नाहीतच. अखेर डिसेंबर १९६० मध्ये आमसभेनेच गोव्यासह या प्रदेशांची यादी केली आणि 'प्रांत' या शब्दाची किंमत ठरविली.

आणि हा कसला प्रांत? स्वातंत्र्य मागणाऱ्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्यांना पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात डांबणारा! १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्यासारख्या आपल्या सीमेवरच्या वाटांनी निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, तेव्हा त्यांच्याशी बोलल्या त्या बंदुका. नेहरूंवर विलंबाचा आरोप करा, तो मी ऐकून घेईन. घाईचा आरोप मात्र करू नका.

बोलण्याची इच्छा असली की काय होते, ते फ्रान्सने दाखविले. ऑक्टोबर १९५४ मध्ये पाँडिचेरीजवळ किळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींनी मतदान केले, १७० जणांनी भारताचा कौल दिला आणि १ नोव्हेंबरला कारभार हाती आला. एकही तोफ डागावी लागली नाही. भारत तोच, पंतप्रधान तेच. फरक होता तो समोर बसणाऱ्याचा.

लिस्बनमधील हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करारावर सही करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या सहीला ना चोवीस वर्षे लागण्याचे कारण होते, ना डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य धाडण्याचे.