चापाचा हिशेब

दुनळी बंदुकीला दोन चाप कशाला, एक पुरे की, असे कुणालाही वाटेल. एकोणिसाव्या शतकात विलायती बंदूक-कारागिरांनाही तसेच वाटले आणि त्या एका चापाने त्यांच्या नाकी नऊ आणले.

शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीत पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. डावी नळी तोंडाशी जास्त आवळलेली असते. बारा बोअरमध्ये हे आवळणे फार तर एक मिलिमीटरभर, पण तेवढ्याने छर्रे दूरवर एकत्र राहतात. पायाशी उठून लांब जाणाऱ्या पाखरावर आधी पुढचा चाप, मग मागचा. समोरून येणाऱ्यावर उलट. सगळी निवड बोटाच्या पेरावर. शिवाय मागचा चाप ओढताना बंदुकीच्या धक्क्याने पुढचा चाप बोटाच्या पाठीवर आदळतो, म्हणून उत्तम बंदुकीत पुढच्या चापाला बिजागरी असे. बोट लागले की तो पुढे लवतो.

एका चापात भानगड वेगळीच. पहिल्या बाराबरोबर बंदूक मागे येते, खांदा तिला पुढे लोटतो आणि बोट नकळत पुन्हा चाप ओढते. दुसरी नळीही उडते, आणि शिकारी शपथेवर सांगणार की मी एकदाच ओढला! लंडनच्या 'बॉस अँड कंपनी'च्या जॉन रॉबर्टसनने १८९४ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिने शिकाऱ्याशी वाद घातला नाही. ती नकळतची ओढ मुकाट मोजून सोडून देते. दुसरा बार उडतो तो तिसऱ्या ओढीला. माणसाचे बोट सुधारण्यापेक्षा यंत्राला शहाणे करण्याची ही रीत मला त्या काळच्या साऱ्या सोनेरी नक्षीपेक्षा मोलाची वाटते. पुढे ब्राउनिंगच्या वर-खाली नळ्यांच्या 'सुपरपोज्ड'च्या एका प्रकारात दोन चाप आले, पण प्रत्येक चाप दोन्ही नळ्या पाठोपाठ उडवणारा. पुढच्याने सुरुवात केली तर आधी खालची, मागच्याने केली तर आधी वरची. दोन दगडांवर पाय ठेवूनही ही रचना पडली नाही.

नळीतली करामत मात्र आपल्या जंगलांशी जोडलेली. बंगाल आर्मीतल्या जॉर्ज फॉसबेरीने १८८५ मध्ये पेटंट घेतले ते गुळगुळीत नळीच्या फक्त तोंडाशी काही इंच पेचदार खाचा पाडण्याचे. छर्रेही चालावेत आणि गोळीही नेमकी लागावी, यासाठी. 'हॉलंड अँड हॉलंड'ने तशी बंदूक 'पॅराडॉक्स' या नावाने विकली आणि हिंदुस्थानात ती चांगली खपली. झुडपातून रानकोंबडा निघेल की अस्वल, याचा इथे काय भरवसा!

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर या बंदुकांचे शिकारीचे काम सरले, ते बरेच झाले. आता त्या फक्त पाहायच्या. पण आपल्या संग्रहालयांतल्या पाट्यांवर बहुधा मालकाचे नाव आणि नक्षीचे कौतुक. कोणता चाप कोणत्या नळीचा, याचा पत्ता नाही. आणि फॉसबेरीच्या खाचा दिसतात त्या नळीच्या तोंडातूनच, तेव्हा ते तोंड भिंतीकडे करून ठेवू नये, एवढे तरी अवघड नाही.