ऐकावे, विचारावे, मग करावे



परवा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मुक्काम पडला. जेवणे आटोपल्यावर मंडळी ओटीवर जमली. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाइल काढला. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात रेंज मिळाली, तेव्हा त्याने एक मुलाखत उतरवून घेतली होती. चांगली दोन तासांची! एक शास्त्रज्ञ मातीतल्या जिवाणूंविषयी बोलत होते आणि समोरचा गृहस्थ त्यांना एकेक प्रश्न विचारीत होता. आजोबा तंबाखू मळत तासभर मुकाट्याने ऐकत राहिले. मग म्हणाले, "माणूस हुशार आहे. पण आपण इचारलं तर सांगंल का?"

मुलगा हसला. मला मात्र हसू आले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अशा लांबलचक मुलाखती आता घरोघर ऐकल्या जातात. कुणी क्रिकेटपटूची ऐकतो, कुणी अंतराळात यान सोडणाऱ्यांची, कुणी किल्ल्यांच्या इतिहासाची. मला त्या आवडतात. सभेत तज्ज्ञ पाच मिनिटांत चार सूचना करतो आणि गाडीत बसतो. दोन तास बसला म्हणजे मात्र आपले कुठे चुकले, किती वर्षे वाया गेली, हेही त्याच्या तोंडून निघते. शहाणपण तिथेच असते. पण प्रश्न विचारणारा बहुधा शहरातला असतो. आपली वरकस जमीन, तिचा उतार आणि आषाढातला पाऊस त्याला ठाऊक नसतो. म्हणून आपला प्रश्न आपणच विचारायला हवा.

हे काही नवे नाही. १९५६ साली आपल्या मराठी मुलखातच याचा एक मोठा प्रयोग झाला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत दीडशे गावी शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापन झाली. युनेस्को या जागतिक संस्थेचे त्याला साहाय्य होते. मूळ कल्पना कॅनडाची. तिथले शेतकरी १९४१ पासून शेजाऱ्यांच्या घरी जमून रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत.

आपल्याकडे एका मंडळात वीसेक माणसे असत. आकाशवाणीवरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे. आपल्या गावाला यातले काय लागू पडते? अडचण कोणती? एकजण ते लिहून घेई आणि शंका आकाशवाणीकडे पाठवी. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे त्यांनी ताडून पाहिली. जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या माहितीत खूप भर पडली. नुसता रेडिओ होता तिथे तेवढी पडली नाही. डबा तोच, बोलणारा तोच. फरक होता तो ऐकल्यावर एकत्र बसून बोलण्याचा! पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. बी.एस्सी.ची पदवी ताजी होती आणि तोंडही तितकेच ताजे होते. जव्हारजवळच्या एका पाड्यावर मी राब भाजण्याविरुद्ध भाषण ठोकले. टहाळ तोडल्याने जंगलाची हानी होते, शेण जळून जाते, तेव्हा राब सोडा आणि गादीवाफ्यावर रोपे करा, असे मी सांगितले. मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "भाऊसाहेब, भाजलं नाही तर तणाचं काय?" मी घड्याळ पाहिले. पुढच्या पाड्यावर जायचे होते. "ते नंतर बघू," म्हणालो आणि निघालो.

त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवून राब सोडला. पावसाळा लागला आणि वाफ्यात नागलीच्या आधी तण वर आले. खुरपणीला तिच्या घरात हात नव्हते. निम्मे रोप गेले. उसने रोप आणून तिने कशीबशी लावणी केली. तीही अर्ध्या रानात. पिकले त्यातले बरेच रोपाच्या फेडीत गेले आणि दिवाळीनंतर ते घर दरसालापेक्षा लवकर वीटभट्टीच्या वाटेला लागले. मी पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "इचारलं होतं मी."

तिने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या तज्ज्ञांनाही पडला होता. १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांची जंगलाविषयीची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी मुंबई सरकारने आयोग नेमला. त्यात राबासाठी टहाळ तोडण्याचा वाद मोठा होता. अधिकारी म्हणत, ही रानाची नासाडी. शेतकरी म्हणत, राबाशिवाय रोप नाही. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचाच शास्त्रीय अभ्यास केला आणि १९१२ साली तो छापला. शेतकरी अडाणी आहे असे म्हणून न थांबता, तो असे का करतो हे त्यांनी तपासायला घेतले. याच मानसाहेबांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घर न् घर अभ्यास करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले.

राबाचा गुण नुसत्या राखेत नाही. माती तापते, तणाचे बी मरते आणि रोपाला लागणारी अन्नद्रव्ये चटकन मोकळी होतात. हे त्या बाईला अनुभवाने ठाऊक होते आणि मला पुस्तकाने शिकवलेले असूनही वेळेवर आठवले नाही. राब सोडायचा तर तणाची सोय आधी केली पाहिजे. एक पाऊस पडून तण उगवू द्यावे, ते काढावे आणि मग वाफ्यावर पेरावे. भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळावी. ओळीत पेरावे म्हणजे खुरपे चालते. एवढे सांगायला मला त्या दिवशी दहा मिनिटे पुरली असती!

तज्ज्ञ म्हटला की तो पँट-शर्टातलाच असतो, असेही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणे राखता राखता त्यांनी बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज शिकलेली माणसे त्यांच्यासमोर बसून प्रश्न विचारतात. आपल्या पाड्यावर गरव्या-हळव्या नागलीचे बी वेगवेगळे राखणारी एखादी म्हातारी असेल. तिचीही दोन तासांची मुलाखत व्हायला नको का?

तेव्हा एक काम करून पाहा. दिवाळीनंतर गेलेली मंडळी परत आली, की पेरणीआधी पंधरा-वीस जणांनी एका ओटीवर जमावे. बायकांना पुढे बसवावे, कारण बी आणि खुरपणी त्यांच्याच हातात असते. रेंज असेल तिथून मुलाखत आधीच उतरवून आणावी. दर पंधरा मिनिटांनी ती थांबवून बोलावे. कुणी शिकलेल्या मुलाने वहीत शंका टिपाव्यात.

तज्ज्ञ कोणताही असो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हे कुठल्या जमिनीत आणि किती पावसात केले? कशावरून म्हणता? आणि कुणाकडे जमले नाही, ते का? इतिहासालाही हेच लागू. शिरपामाळावर शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला, असे आपण सांगतो. त्यालाही मुलाने 'कशावरून?' विचारले तर रागावू नये. त्याला उत्तर शोधायला धाडावे.

उरलेल्या शंका गावच्या कृषी कर्मचाऱ्याला द्याव्यात, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात न्याव्यात, किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर विचाराव्यात. तिथे फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

सकाळी निघताना आजोबांना म्हटले, "बाबा, रात्री काय विचारायचं होतं?" ते म्हणाले, "ते जिवाणूचं खत उतारावर टाकलं तर आमच्या पावसाला राहील का?" मी गाडीची किल्ली परत खिशात घातली आणि ओटीवर बसलो. वर फेकलेले वाहून जाण्याची भीती असते. म्हणून ते बियाण्याला चोळावे, किंवा लावणीच्या वेळी रोपाची मुळे त्याच्या पाण्यात बुडवून लावावीत, म्हणजे ते मुळाशीच राहते, असे सांगितले. बांधाला गवत राखायचे, हेही बोलणे झाले. आजोबांनी पुन्हा चार प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "दोन गुंठ्यांत करून बघू. बाकीचं आमच्या रीतीनं."

दोन गुंठे पुरेत. यंदा मी ते पाहायला जाणार आहे, आणि या वेळी घड्याळ न पाहता.