जुन्या कारचं मीटर खरं बोलतंय का? सेकंड हॅण्ड गाडी घेताना रनिंग कसं तपासायचं

जुनी कार बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘रनिंग किती झालंय?’ विकणारा मीटरकडे बोट दाखवतो आणि त्या आकड्यावर भाव ठरतो. अडचण अशी की गाडीत सगळ्यात सहज खोटी करता येणारी गोष्टही तोच आकडा आहे.

(आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर. इथे आपण बोलतोय ते गाडी आजवर एकूण किती धावली याबद्दल.)

डिजिटल मीटर म्हणजे सेफ?

नाही. डिजिटल मीटरमधला आकडा एका मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. गाडीच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडून किंवा मीटर उघडून थेट चिपमधला डेटा बदलून तो मागे नेता येतो. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं वाकडी दिसली की शंका तरी यायची. डिजिटलमध्ये काहीच दिसत नाही.

नुकसान फक्त जास्त पैसे मोजण्याचं नाही. समजा गाडी १,२०,००० किलोमीटर धावली आहे आणि मीटर ६०,००० दाखवतंय. कंपनीने टायमिंग बेल्ट १ लाखाला बदलायला सांगितला असेल, तर तुम्ही म्हणाल, अजून वेळ आहे. प्रत्यक्षात ती वेळ कधीच निघून गेलेली असते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

सरकारी रेकॉर्डमध्ये काय मिळतं?

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी अशी माहिती दिसते. गाडी कोणत्या वर्षी किती धावली होती, हे मात्र दिसत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम आणले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं, गाडी ताब्यात आल्याचं कळवावं लागतं आणि तिच्या फेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर ठेवावं लागतं. चांगली सुरुवात आहे. पण हे रजिस्टर गाडी डीलरकडे असतानाच्या काळाचं. त्याआधीच्या पाच-सात वर्षांत मीटर मागे गेलं असेल तर त्यातून काही कळणार नाही.

बेल्जियमने हीच फट बुजवली. तिथे २००६ पासून ‘कार-पास’ आहे. गॅरेज, टायरवाले, तपासणी केंद्रं गाडीचं रीडिंग एका ठिकाणी कळवतात आणि गाडी विकताना तो इतिहास ग्राहकाला द्यावाच लागतो. आपल्याकडेही सर्व्हिस सेंटर प्रत्येक वेळी रीडिंग लिहून घेतंच. म्हणजे माहिती आहे, पण विखुरलेली आणि खासगी कंपन्यांकडे. ती ‘वाहन’ पोर्टलला जोडली गेली तर मीटर मागे करण्यात फारसा अर्थ उरणार नाही. तोवर हे जोडकाम आपल्यालाच करावं लागेल.

तुम्ही काय तपासाल?

१. सर्व्हिस हिस्टरी: मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जॉब कार्डांची प्रिंट मागा. प्रत्येकावर तारीख आणि रीडिंग असतं. आकडा कुठे मागे गेलाय का, आणि मध्येच दोन वर्षं गायब आहेत का, ते बघा. सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

२. ओबीडी स्कॅनर: छोटं ब्लूटूथ स्कॅनर पोर्टला लावा आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ हा आकडा शोधा. एरर कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती धावली, ते हा सांगतो. हा आकडा मीटरपेक्षा मोठा निघाला तर मीटर बदललंय किंवा मागे केलंय. कमी निघाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण कोड कधीही पुसता येतात.

३. टायर: बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटरवर २५,००० आणि चारही टायर गाडीपेक्षा दोन-तीन वर्षांनी नवे? मूळचे एवढ्या लवकर का गेले, हे विचारा.

४. फास्टॅगचं स्टेटमेंट: ‘गाडी फक्त गावात चालवली’ म्हणणाऱ्याकडे हे मागा. दर आठवड्याला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचे टोल दिसले, तर पुढचं बोलायची गरज नाही.

५. हात-पाय लागतात त्या जागा: ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंग, ड्रायव्हर सीटची कडा. ३०,००० वाल्या गाडीत हे गुळगुळीत झालेलं नसतं. मात्र कव्हर आणि रबर स्वस्तात बदलता येतं, म्हणून फक्त यावर विसंबू नका.

शेवटचं काम: लिहून घ्या

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मीटर मागे करणं बेकायदा ठरलं आणि विकणाऱ्याला रीडिंग लेखी द्यावं लागू लागलं. हे आपण इथे स्वतःहून करू शकतो. पावतीवर किंवा विक्री करारावर तारखेसह रीडिंग आणि ‘माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आहे’ एवढं वाक्य लिहून विकणाऱ्याची सही घ्या. पुढे फसवणूक उघड झाली तर डीलरविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खासगी मालकाने फसवलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करता येते. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: पुरावा काय?

आणि रीडिंगखाली सही करायला विकणारा टाळाटाळ करू लागला, तर टोकन न देता निघा. पुढची गाडी बघा.