ढेरी कोणाची, भूक कोणाची?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मधून पंतप्रधानांनी देशाला तेल दहा टक्के कमी खायला सांगितले. का, तर लठ्ठपणा वाढला आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला. या दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या पाहिजेत. उपदेश फुकट, अंडे मात्र महाग!

लठ्ठ म्हणजे आळशी आणि खादाड, हा समज आज पक्का बसला आहे. पूर्वी सुटलेले पोट पाहून 'खात्यापित्या घरचा' म्हणत. ढेरी सावकाराची होती तोवर ती वैभव होती. रिक्षावाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या अंगावर ती दिसू लागली आणि तिचा दोष झाला. अर्थ बदलला, अर्थ ठरवणारे मात्र तेच राहिले.

विज्ञान काय सांगते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बालके इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथल्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिथल्याचे ३.५ किलो. पण आपले बाळ सगळीकडून सारखेच लहान नव्हते. स्नायू फार कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे! आईचे कुपोषण बाळाच्या शरीरात असे उतरते आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढवते, अशी ही मांडणी आहे. चरबीला आनुवंशिकतेसारखी इतरही कारणे असतात. पण जन्माआधीच सुरू झालेल्या गोष्टीला 'आळस' म्हणणे हा कोणता न्याय?

जन्मानंतर तरी ताटात काय पडते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. त्या हक्कात डाळ नाही, अंडे नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली. दलित-मुस्लिमांच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले, उरला भात, तेल आणि वडापाव. पोट भरते, अंग पोसले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आणि १८.७ टक्के स्त्रियांचे कमी आढळले. हे दोन आजार नाहीत. एकाच विषमतेची ही दोन तोंडे आहेत.

'मग व्यक्तीची काहीच जबाबदारी नाही का?' असे कोणी विचारेल. आहे ना! पण बारा तास उभे राहून काम करणाऱ्या बाईला 'सकाळी फिरायला जा' सांगणाऱ्याने आधी तिच्या वस्तीत फिरायला जागा कुठे आहे ते दाखवावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बजावले होते. जवळपास शंभर वर्षे झाली. शेतमजूर, वीटभट्टीवरची, ऊस तोडणारी बाई आजही दिवस भरेपर्यंत राबते. तिचे बाळ पुढे लठ्ठ झाले तर तिलाच तेल कमी कर म्हणून सांगायचे?

तेल जरूर कमी करू. पण आधी गरोदर बाईला भरपगारी विश्रांती द्या, रेशनवर डाळ द्या आणि आमच्या पोरांचे अंडे परत करा!