स्वागताध्यक्षांचे घर

एका जिल्ह्याच्या गावी, महाविद्यालयातील चर्चासत्रात, आत्मकथनकार लेखकाचे भाषण झाले आणि प्रश्नोत्तरांना आरंभ होताच पहिल्या रांगेतील एक निवृत्त प्राध्यापक उठले. प्रश्न त्यांच्यापाशी नव्हता. बारा मिनिटे ते बोलले. लेखन 'प्रांजळ' आहे, परंतु कटुता थोडी आवरायला हवी होती, 'पानी' हा उच्चार आता सोडायला हरकत नाही, आणि शेवटी, अत्यंत प्रेमाने, "तुम्ही आता आमच्यापैकीच झालात." सभागृहात टाळ्या पडल्या. संयोजक म्हणून आम्ही व्यासपीठावर होतो. आम्हीही वाजवल्या.

या गृहस्थांना कोणी उद्धट म्हटले तर ते मनापासून दुखावतील, आणि तसे ते नाहीतही. अडचण नेमकी तिथेच आहे. उद्धटाला निदान समोर दुसरा कोणी उभा आहे याची जाणीव असते. यांना मात्र मराठी साहित्य हे आपले वाडवडिलार्जित घर वाटते, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला या-बसा म्हणणे हा सुसंस्कृतपणा वाटतो. स्वागत यजमान करतो. यजमानपद यांना कोणी दिले, हा प्रश्न त्यांना आयुष्यात एकदाही पडलेला नसतो.

जोतीराव फुल्यांना तो 1885 सालीच पडला होता. पुण्याच्या मराठी ग्रंथकार सभेचे न्यायमूर्ती रानड्यांनी धाडलेले निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले. निमंत्रण सौजन्याचेच होते. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या पंगतीत आपण पाहुणे म्हणून का बसावे, असा त्या नकाराचा आशय आहे. हेतू चांगला होता, ही सबब आजही पुढे केली जाते. हेतूविषयी आमची तक्रारच नाही.

आता आपल्या अभ्यासाकडे वळू, कारण वाचकांपैकी बहुतेक जण शिकवणारे वा शिकणारे आहेत. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या अखेरीस पुष्कळदा कठीण शब्दांची सूची असते. ती कोणासाठी? 'आपोष्णी', 'चित्राहुती', 'सोवळे' हे शब्द ज्या आठवणींच्या पुस्तकांत येतात, त्यांच्या शेवटी अशी सूची आम्ही तरी पाहिलेली नाही. वसतिगृहात राहून एम.ए. करणाऱ्या मुलीने ते शब्द कुठे शोधावेत, हा विचार संपादकाला शिवत नाही. प्रश्नपत्रिकेतही 'आत्मकथनातील बोलीचे स्वरूप स्पष्ट करा' असे हमखास विचारतात. पुण्याच्या पेठांत घडणाऱ्या कादंबरीची बोली कोणी विचारत नाही, कारण ती बोली नसून 'भाषा' आहे! साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम लिहिण्यापुरते आहेत. त्यांच्या आधाराने एखाद्याच्या आईच्या तोंडचा 'न' दुरुस्त करण्याचा अधिकार कसा निघतो, हे आम्हांला आजवर उमगलेले नाही.

याहून वेगळे वागता येत नाही असे मात्र नाही. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी कित्येक शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे सरळ कबूल केले. ते तेव्हा नावाजलेले नाटककार होते. कवीने भाषा बदलावी असे सुचवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी स्वतःचे अज्ञान पुढे ठेवले. (प्रस्तावना एका प्रस्थापित लेखकाचीच लागावी, यावर वेगळा वाद होऊ शकेल, तो इथे नको.)

आमचेही हात स्वच्छ नाहीत. त्या चर्चासत्राच्या पत्रिकेत पहिले सत्र 'मराठी कादंबरी' आणि जेवणानंतरचे, पेंगुळलेल्या वेळेचे सत्र 'दलित साहित्य' अशी विभागणी आम्हीच केली होती, आणि ती करताना कोणाच्याही मनात काही खटकले नाही.

कार्यक्रम संपल्यावर प्राध्यापक महाशय लेखकाजवळ आले. एवढे बोलले ते पुस्तक त्यांच्याकडे नव्हते. कोणाकडून तरी आणून चाळले होते. विक्रीच्या टेबलावरची प्रत उचलून त्यांनी लेखकापुढे धरली आणि म्हणाले, "सप्रेम भेट असे लिहा."

लेखकाने नुसती सही केली, तारीख घातली आणि शांतपणे किंमत सांगितली. महाशयांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. तेवढ्यात आमच्यापैकी एकाने घाईघाईने पैसे पुढे केले.