इंग्रजीच्या तासाला मराठीचं तोंड का बांधता?

परवा संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन आली. आमच्या उचगावात निवृत्त मास्तराचा सोपा म्हणजे फुकटची शिकवणी! ‘मला पोहणं अवघड जातं’ याचं इंग्रजी करायचं होतं. तिनं केलं होतं : ‘टू मी स्विमिंग गोज डिफिकल्ट’. त्यावर लाल शाईची मोठी फुली आणि खाली शेरा : ‘डोन्ट थिंक इन मराठी’.

"आजोबा, ह्यात काय चुकलंय? बोलतोय तसंच लिवलंय की!"

आधी मला हसू आलं. मग वाक्य पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. कारण त्या पोरीनं डोकं चालवलं होतं. ‘मला’ म्हणजे ‘टू मी’, ‘जातं’ म्हणजे ‘गोज’. एकही शब्द तिनं अंदाजानं टाकला नव्हता. चूक झाली ती दोन भाषांच्या सांध्यावर, आणि नेमका तो सांधा तिला कुणी दाखवलाच नव्हता. वर शेरा काय, तर मराठीत विचार करू नकोस! अहो, मग तिनं विचार करायचा कशात?

बरोबर उत्तर गाईडात छापलेलं असतं : ‘आय फाईंड इट डिफिकल्ट टू स्विम’. आता मराठी माध्यमाच्या मुलाच्या जागी बसून हे वाचा. ‘फाईंड’ म्हणजे सापडणे, हे तो पाठ करून आलेला. इथं काय हरवलं होतं? आणि हा ‘इट’ कोण? ‘ते’ म्हणजे कुठलं ते? विचारलं तर उत्तर मिळतं, "तसं असतंय, पाठ कर." मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं हेच उत्तर देत आलो, म्हणून आज बोलायचा मला अधिकार आहे आणि थोडी लाजही आहे.

हा ‘इट’ मला उशिरा कळला, आणि तोही कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर. गाडी लागते न लागते तोच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. माणूस मागाहून गठुडी घेऊन सावकाश चढतो. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे, पण रुमालामुळे जागा धरली जाते. ‘इट’ हा तो रुमाल! खरा प्रवासी ‘टू स्विम’. तो मागून येतो.

मग रुमाल टाकावा का लागतो? इंग्रजीला वाक्याच्या मध्येच लांबलचक गठुडं ठेवलेलं सोसत नाही. ती जड सामान शेवटी ढकलते आणि मधली जागा ‘इट’ टाकून धरून ठेवते. सामान आटोपशीर असलं तर रुमालाची गरजही नाही. ‘आय फाईंड स्विमिंग डिफिकल्ट’ हे चोख इंग्रजी आहे. मराठीची तऱ्हा उलटी. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आधी कितीही सामान भरा. ‘पावसाळ्यात भरलेल्या नदीत एकट्यानं पोहणं मला अवघड जातं’ असं म्हणताना आपल्याला कुठंच अडखळायला होत नाही.

दुसरा फरक माणसाचा. आपल्याकडे अवघड ‘मला’ जातं, सोपं ‘तिला’ वाटतं. माणसाला ‘ला’ लागतो आणि काम आपल्या गतीनं ‘जातं’. इंग्रजी त्याच माणसाला उचलून कर्त्याच्या पाटावर बसवते. ‘मला’चं ‘आय’ होतं आणि ‘जातं’चं ‘फाईंड’ होतं. ‘मला गरजेचं वाटतं’ याचं ‘आय थिंक इट नेसेसरी’ होतं. ‘मुळे’ असलं की ‘मेक’ येतं. ‘एसटीमुळे मुलींना शाळेत जाणं सोपं झालं’, म्हणजे ‘द बस मेड इट ईझी फॉर गर्ल्स टू गो टू स्कूल’. ‘ला’ आणि ‘जातं-वाटतं’ दिसलं की एक वाट, ‘मुळे’ आणि ‘झालं’ दिसलं की दुसरी. एवढंच! हे सांगायला अर्धा तास लागतो. पण ते मराठीतून सांगावं लागतं आणि मराठीकडे बोट दाखवून सांगावं लागतं. तिथंच सगळं घोडं अडतं.

गंमत बघा. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘गडगडतंय’ ही आपली एका शब्दाची वाक्यं. कर्ता नाहीच. शाळेच्या मराठी व्याकरणात याला अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात आणि मुलं तो परीक्षेपुरता घोकतात. इंग्रजीला कर्त्यावाचून चालत नाही, म्हणून ती म्हणते ‘इट इज थंडरिंग’, ‘इट इज गेटिंग डार्क’. इथं तर प्रवासी शेवटपर्यंत येतच नाही, नुसता रुमालच पुण्यापर्यंत जातो! मराठीच्या तासाचा हा धडा इंग्रजीच्या तासाला किती कामाला आला असता. पण दोन तासांच्या मध्ये आपण भिंत बांधून ठेवली आहे.

ही भिंत कुणी बांधली? आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्यात घोकंपट्टी होती, बोलायला जीभ वळत नसे, हे मान्य. पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहायची सवय त्यातून लागे. पुढं ‘स्ट्रक्चर’चा जमाना आला. जपानात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेल्या हॉर्नबीसाहेबांनी इंग्रजी वाक्यांच्या साच्यांचं पुस्तक १९५४ साली काढलं. पुस्तक उत्तमच आहे, परक्या मुलाला काय अडतं हे त्या माणसाला ठाऊक होतं. आमच्यापर्यंत मात्र नुसते साचे पोचले, त्यामागचं कारण पोचलं नाही. आणि त्यानंतर आलं ते ‘इंग्रजी इंग्रजीतूनच’ हे सोवळं.

त्या बाजूचे लोक म्हणतात, मूल मातृभाषा ऐकून शिकतं, तसंच इंग्रजीही शिकेल. ज्या घरात दिवसभर इंग्रजी कानावर पडतं तिथं खुशाल शिकेल! आमच्या गावातलं पोर शाळेच्या एका तासापुरतं इंग्रजी ऐकतं, आणि त्यातलाही निम्मा वेळ हजेरीत जातो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी आठवीतली हुशार मुलगी ‘इट’पाशी अडते आणि गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशच्या पाट्या लागतात. लवकर सुरू केलं म्हणजे नीट शिकवलं असं होत नाही.

आणि दुसरं नुकसान घरच्या भाषेचं. सांधा न दाखवल्यामुळे तो ‘इट’ आता मराठीत घुसलाय. ‘हे गरजेचं आहे की आपण हात धुवावेत.’ ‘मला हे सांगायला आवडेल की...’ अहो, ‘हात धुणं गरजेचं आहे’ म्हणा की! आपल्या गाडीत सीट रिकामीच आहे, रुमाल कशाला टाकता?

ऐंशी-एक्याऐंशी साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. याच साच्यातलं वाक्य तीनदा चुकला म्हणून मी त्याला तासभर बाकावर उभा केला. पुढं मॅट्रिकला इंग्रजीत गेला आणि त्यानं शाळा सोडली. आज तो गांधीनगरात कापडाच्या दुकानात आहे. व्यापाऱ्यांशी सिंधीत बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदीत, माझ्याशी मराठीत. सिंधी कशी शिकलास, असं एकदा विचारलं. म्हणाला, "सर, आपण म्हणतोय त्याला ते काय म्हणत्यात, हे बघत गेलो." मी गप्प झालो. ज्या पद्धतीनं तो सिंधी शिकला, त्या पद्धतीला मी वर्गात शिक्षा केली होती.

मराठीचा आधार घेतला की मूल पांगळं होतं, असं कुणी म्हणालं तर मी विचारीन, पांगुळगाड्यानं कुठलं मूल पांगळं झालं? चालायला आलं की ते स्वतःच तो बाजूला सारतं.

त्या मुलीला एसटीचा रुमाल सांगितला. ती खुदकन हसली आणि तिथंच सोप्यात बसून पाच वाक्यं स्वतःच्या मनानं लिहिली. शेवटचं होतं : ‘आय फाईंड इट डिफिकल्ट टू आस्क क्वेश्चन्स इन क्लास’. व्याकरणाची एकही चूक नाही. मी खाली बरोबरची खूण केली आणि म्हटलं, हे वर्गात दाखव. तिनं दाखवलं की नाही, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.